शेजारचा शब्द

सर गेले त्या सकाळी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीच निरोप टाकला. ‘सर एक्सपायर्ड धिस मॉर्निंग.’ हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली आणि तेवढ्यात एका विद्यार्थ्याचा वेगळा मेसेज आला, ‘मॅडम, माफ करा, पण सरांना हा शब्द आवडला नसता.’ मी लिहिलं, ‘मला माहीत आहे.’ मला खरंच माहीत होतं. दोन तास डोक्यात ‘डाइड’, ‘पास्ड अवे’, ‘नो मोअर’ फिरत होते, आणि त्यातून मी हा एकच शब्द निवडून काढला होता.

माझे वडील माझ्या माहेरी, सायखेड्याला, वारले तेव्हाची गोष्ट. सगळे त्यांना आण्णा म्हणत. पहाटे भावाचा फोन आला. आम्ही नवरा-बायको निघायच्या घाईत होतो, इतक्यात सरांच्या एका सहकाऱ्याचा फोन आला आणि मी रडत रडत त्यांना इंग्रजीत सांगितलं, ‘माय फादर एक्सपायर्ड.’ फोन ठेवला. सर बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, “औषधं एक्सपायर होतात. माणसं मरतात. डाइड म्हणायचं.” मग दुसरी नाडी बांधली. सायखेड्याला नदीकाठी सगळं आटोपलं, आम्ही नाशिकला परत आलो, आणि पंधरा दिवसांनी बाहेरच्या खोलीत क्लास चालू असताना स्वयंपाकघरात मला ऐकू आलं... “एक बाई परवा फोनवर म्हणाल्या, माय फादर एक्सपायर्ड. का हो, वडिलांच्या पाठीवर तारीख छापली होती का?” वर्ग हसला. मी कणीक मळत होते. मळत राहिले.

सर गेल्यावर त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून आलं आणि ते सगळं खरं आहे. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळ-संध्याकाळ मुलं, कारकून, नर्स, अंबडच्या कारखान्यांतले कामगार दाटीवाटीनं बसायचे. व्याकरण कुणीही शिकवतं, सर फरक शिकवायचे. एकासारखे एक दिसणारे दोन शब्द समोर ठेवायचे आणि त्यांच्यामधली फट दाखवायचे. शोकसभेत अंबडचा एक फिटर उठला. त्याच्याकडून मशीनचा गार्ड लावायचा राहिला होता आणि साहेबांनी खुलासा लिहून आणायला सांगितलं होतं. कुणीतरी त्याला ‘आय नेग्लेक्टेड’ असं लिहून दिलं होतं. तो कागद घेऊन सरांकडे आला. सरांनी विचारलं, “विसरलास की दुर्लक्ष केलंस?” “विसरलो, सर. आई दवाखान्यात होती.” “मग फॉरगॉट लिही. या दुसऱ्या शब्दावर सही केलीस तर उद्या घरी बसशील.” त्याची नोकरी टिकली. सभेत हे सांगताना तो माणूस लहान मुलासारखा रडला. पहिल्या रांगेत बसून मी त्याच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, याच्या वाट्याला किती चांगले सर आले.

माझ्या वाट्याला आलेले सर मला लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात समजले. मी मराठी माध्यमातली बी. ए., ते कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांचे मित्र जेवायला आले होते. एकाची बायको कौतुकानं म्हणाली, “किती सिंपल आहे हो तुमची मिसेस!” सर म्हणाले, “सिंपल नाही, वहिनी. प्लेन.” सगळे हसले. मीही हसले, कारण मला वाटलं काहीतरी चांगलं म्हणाले. पाहुणे गेल्यावर डिक्शनरी काढून बघितलं. दिसायला बेताची. भांडी घासून ठेवली आणि झोपले. त्यांना कधी कळलं नाही की मी तो शब्द शोधला. पुढची एकतीस वर्षं मी प्रत्येक वाक्य आधी मनात बोलून बघायचे आणि मगच तोंडाबाहेर काढायचे. तरी ते थांबवायचेच. मी ‘भीती वाटते’ म्हटलं की विचारायचे, “भीती की काळजी?” ‘थकले’ म्हटलं की म्हणायचे, “थकलीस की कंटाळलीस? नक्की काय ते बोल.” आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असायचं, हे जास्त लागायचं.

मग दीड वर्षापूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, ती हळूहळू थोडी परत आली. वाचा परत आली ती अशी, की बोलायला जायचे एक आणि निघायचं दुसरंच. चमच्याला वाटी म्हणायचे, उशीला गादी, अनघाला, म्हणजे आमच्या मुलीला, माझ्या नावानं हाक मारायचे. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या. त्या म्हणाल्या, “काकू, त्यांना हवा तो शब्द आत दिसतोय, पण हाताला शेजारचा लागतो. तुम्ही चूक काढू नका. अर्थ समजून घ्या आणि पुढे चला.” मी मान डोलावली.

एका दुपारी त्यांनी पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “दूध.” मला समजलं होतं. कुणालाही समजलं असतं. मी आत गेले आणि पेलाभर दूध आणून पुढे धरलं. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, “दूधच म्हणालात ना? मग काय हवंय? नीट शब्द सांगा.” ते म्हणाले, “ताक...” मग “चहा...” मग नुसतं “ते... ते...” ओठ कोरडे पडले होते. बाटली माझ्या हातात होती. आत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तोवर मी तशीच उभी राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा दिली. असं एकदाच झालं असतं तर मी ते इथे लिहिलं नसतं. पुढे रोज व्हायला लागलं. मी त्याला सराव म्हणायचे.

अनघा पुण्याहून आली होती. तिनं एकदा दारातून सगळं बघितलं आणि मला गॅलरीत ओढून नेलं. “आई, काय करतेयस तू?”

“शिकवतेय.”

“शिकवत नाहीयेस. छळतेयस.”

मी म्हटलं, “तुझ्या बाबांना विचार या दोन्हींत फरक काय ते. त्यांनाही कधी सापडला नाही.” ती त्याच दिवशी पुण्याला निघून गेली.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी त्यांचं अंग पुसत होते. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि स्पष्ट इंग्रजीत म्हणाले, “पिटी.” मी विचारलं, “सॉरी म्हणायचंय का?” ते पुन्हा म्हणाले, “पिटी.” त्यांना सॉरी म्हणायचं होतं आणि हाताला शेजारचा शब्द लागला? की माझ्याकडे दया मागत होते? की आयुष्यभर फरक शिकवलेल्या त्या माणसाला तेव्हा नेमका तोच शब्द सापडला होता, आणि त्यांना माझी कीव येत होती? मी थांबायला हवं होतं. विचारायला हवं होतं. घरात आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, “चुकीचा शब्द.”

त्यांनी मनगट सोडलं. त्यानंतरचे चार दिवस ते एकही शब्द बोलले नाहीत, बरोबर नाही आणि चुकीचाही नाही. पाचव्या दिवशी दुसरा झटका आला, त्यात ते गेले.

याला आता सात आठवडे झाले. बाहेरच्या खोलीतल्या सतरंज्या मी देऊन टाकल्या, फळा उतरवला. मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरची स्नेहल आली. तिची अंबडला एका ऑफिसात मुलाखत होती आणि तिनं स्वतःची ओळख इंग्रजीत लिहून आणली होती. “काकू, सर असते तर त्यांनाच दाखवलं असतं. तुम्ही बघता का जरा?” तिनं लिहिलं होतं, लग्नानंतर माझा नवरा मला काम करायला ‘अलाउ’ करतो. मी विचारलं, “अलाउ करतो की सपोर्ट?” ती म्हणाली, “एकच ना काकू ते?” आणि मी हसले. नाकातून, छोटंसं. सरांचं एकतीस वर्षं ऐकलेलं ते हसू माझ्या तोंडून आलं आणि पाठोपाठ वाक्यही आलं, “एकच? मग घरी जाऊन नवऱ्याला विचार, तो नक्की कोणतं करतो.”

तिचा चेहरा उतरला. कागदाची घडी करून ‘येते काकू’ म्हणत ती निघाली. मी हाक मारली नाही. काल लिफ्टमध्ये भेटली. मुलाखत कशी झाली विचारलं तर म्हणाली, “बरी... म्हणजे चांगली... म्हणजे ठीक झाली, काकू.” साधं मराठीच बोलत होती, पण एकेक शब्द आधी मनात बोलून बघत होती. मी सरांशी तशीच बोलायचे.