आप्पांचा गळ आणि बारडोलीचा परवाना

नवापूर मागे पडलं आणि सुरतेच्या गाडीत आप्पांची गांडुळं सुटली. पत्र्याच्या डबीचं झाकण निघालं होतं. समोरच्या बाई पाय वर घेऊन किंचाळल्या, मी सीटखाली वाकून गांडुळं वेचू लागले, आणि माझे वडील शांतपणे बाईंना समजावत होते, की ती काही चावत नाहीत. हसावं की रडावं!

आप्पा अमळनेरजवळ तापीकाठच्या गावात राहतात. आई गेल्यापासून एकटेच. नदीवर गळ टाकून बसायचं, एवढाच उद्योग. मागच्या उन्हाळ्यात चक्कर येऊन पाण्यात पडले. कुणीतरी पाहिलं, म्हणून वाचले. माझ्याकडे भुसावळला चला म्हटलं, तर म्हणाले, "आंडेरना घर कोन ऱ्हास?" (मुलीच्या घरी कोण राहतं?) शेवटी सुरतेला, माझ्या धाकट्या भावाकडे, भूषणकडे यायला कबूल झाले, पण अटीवर. गळ टाकायला मिळालं तर राहीन, नाहीतर आल्या गाडीने परत. भूषणने फोनवर छाती ठोकून सांगितलं, "आप्पा, इथंही तापीच आहे की!"

भूषण सुरतेच्या बमरोली भागात एका कापडाच्या मिलमध्ये आहे. त्याच्या गल्लीत पाऊल टाकलं की अहिराणी कानावर पडते. भावजयीने कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा केला होता. सकाळी लोचो (डाळीचं वाफवलेलं मऊ पीठ, वर तेल आणि शेव) आणला, तर आप्पा म्हणाले, "हाऊ बिघडेल ढोकळा शे का?" आणि दोनदा मागून खाल्ला. मग भूषण त्यांना नदी दाखवायला घेऊन गेला. काठ सिमेंटचा, पाणी लांब खाली. आप्पांनी परतीच्या गाडीची वेळ विचारली.

भूषणच्या सुट्टीच्या दिवशी कडोदऱ्यावरून बारडोलीकडे निघालो. दोन्ही बाजूंना ऊस, आणि मग एक मोठा तलाव. कालव्याचं पाणी, म्हणजे तापीचंच. आप्पांचा चेहरा खुलला. बाभळीच्या सावलीत बसून त्यांनी गळ टाकला. टाकला आणि मागून आवाज आला, "काका, पास छे?"

राखणदार होता. आप्पा उसळले, "कसाना पास? तापीनंच पानी शे ना हाई! आमना गाववरतीन येस!" (आमच्या गावावरून येतं!) राखणदार हसला, पण गळ त्याने काढून ठेवायला लावला.

बांधावर मच्छीमार मंडळीचं (सहकारी संस्थेचं) ऑफिस होतं. खिडकीतल्या बेननी (बाईंनी) नीट समजावलं. एका माणसाला एकच गळ, जाळं नाही, लहान मासा परत सोडायचा, पावसाळ्यात बंद. फी किरकोळ होती. पण वर्षाचा परवाना इथं राहणाऱ्यालाच मिळे. पाहुण्याला एका दिवसाचा पास, आणि तो काही पुन्हा पुन्हा मिळायचा नाही.

"अरे, आधी विचारायचं नाही?" मी भूषणवर डाफरले.

"ताई, मला वाटलं, एका म्हाताऱ्याच्या गळाला कोण अडवतंय!"

आप्पांनी आधार कार्ड पुढे केलं. त्यावर गावचा पत्ता. "एक दिनना द्या. मी पाव्हनाच शे." भूषणचं तोंड एवढंसं झालं.

दिवसभर गळाला एकच मासा लागला, तोही बोटाएवढा. आप्पांनी तो हलकेच पाण्यात सोडला. दुपारी राखणदाराने घरून आणलेली पातरा (अळूवडी) आमच्यापुढे ठेवली आणि तो आप्पांशेजारीच बसला. हा गुजराती बोलतोय, ते अहिराणी, आणि दोघांचं अडत काही नाही! आई गेल्यापासून आप्पांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. उन्हं कलली तशी राखणदाराने विचारलं, "काले आवशो ने, काका?" (उद्या याल ना?)

आप्पांनी गळ गुंडाळला, ते उठले आणि सरळ त्या खिडकीशी गेले. "बेन, सालना पाहिजे तर काय करानं?"

"सरनामुं बदलावी लावो, काका." (पत्ता बदलून आणा.)

भूषण पुढे सरसावला. आप्पांनी त्याला हाताने थांबवलं आणि ते माझ्याकडे वळले. "पोरी, तुनं माहेर आठे आनू का?" (तुझं माहेर इथं आणू का?)

लग्न झाल्यापासून ज्या घरी जात आले, ते घर आता बंद होणार होतं. पण नाही तरी कसं म्हणू? एकट्या माणसाला चक्कर आली, तर दरवेळी कोण पाहणार?

"आणा, आप्पा," मी म्हणाले.

आप्पांना भूषणकडे ठेवून भुसावळला परतताना गाडीत माझ्या मनात तेच घोळत होतं. परवान्याचा मला त्या दिवशी राग आला होता. पण तुम्ही राहता कुठं, हे आप्पांना विचारायचा धीर आम्हा बहीणभावाला झाला नव्हता. त्या खिडकीने सहज विचारलं. अमळनेर आलं, माहेरी जायला मी नेहमी उतरायचे ते स्टेशन. माणसं उतरली, चढली. मी जागची हलले नाही. डोळे मात्र पुसत होते. नव्याने येऊन बसलेल्या एका बाईंनी पाणी पुढे केलं आणि बोलतं करायला म्हणून विचारलं, "माहेर कुठलं हो तुमचं?"

मी स्टेशनच्या पाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सुरत."