कौल झाला, तरी गुलमोहर उभा

आमच्या गावात घराला लागून गुलमोहर असणं ही जवळजवळ लाजेची गोष्ट आहे. माड, फणस, काजू असेल तर कोणी बोलत नाही. हे झाड नुसतं फुलतं. गेल्या पावसाळ्यात त्याची जाड फांदी आईच्या खोलीवर पडली. छपराचा वासा तुटला. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती, म्हणून हे लिहू तरी शकतोय.

थोरला चुलतभाऊ वर बघून म्हणाला, "माड पडलो तर नारळ तरी मेळतत. ह्येचा काय खातलंस? फुलां?"

"दादा, झाड हलका करूया. मुळासकट तोडूचा कित्याक?" मी म्हणालो.

"मगे देवीकच इचारूया."

देवळात कौल लावताना गाऱ्हाणं, म्हणजे देवीला साकडं, घालून तिच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली की होकार. गुरवाने झाड तोडायचं का, असं विचारलं. उजवी पडली. आईने हात जोडले.

"प्रश्नच चुकलो," मी म्हणालो. "फांदी कमी करूची काय, ह्या कोणी इचारूक नाय."

"मेल्या, देवीची उलटतपासणी घेतस? वकील होवक होयो होतंस!" दादा म्हणाला.

लोक हसले. आई हसली नाही. तिचा चेहरा मला अजून टोचतो. मी देवीचा शब्द मोडला आणि आईचा जीव टांगणीला लावला. दोन्ही पापं माझी, वाटून घ्यायला कोणी नको. पण झाड तोडू दिलं नाही.

नारळ पाडणाऱ्याला बोलावून आधी वाळक्या फांद्या काढल्या, मग छपरावरच्या, दोर बांधून, हळूहळू खाली सोडत. दुसऱ्या बाजूच्या, समुद्राकडच्याही थोड्या काढल्या, नाहीतर झाड एका अंगाला कललं असतं. शेंडा मात्र छाटू दिला नाही. तिथून फुटणारे धुमारे कच्चे असतात, पुढच्या वादळात तेच मोडतात.

"आये, आता घरावर एकव फांदी नाय," मी सांगितलं.

"माका थंय झोप येवची नाय. तूच झोप."

म्हणून यंदा पावसाळाभर तिच्या खोलीत मी झोपतोय. वारा सुटला की नव्या वाशाकडे बघत जागा राहतो, खोटं कशाला बोलू? पण उठून दुसरीकडे जात नाही. सकाळी दादा बांधावरून हाक मारतो, "आसस मा रे?"

"आसंय," मी खिडकीतून ओरडतो. "झाडव आसा!"