राजाबाईचा करंज

लग्न होऊन आठ दिवस झाले असतील. कौसाबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती आणि पडवीत सासू अन् धाकटा दीर हरिचंद्र यांचं जुंपलं होतं.

"बांधावरचा करंज तोडतो. सावलीनं भात खुंटतं."

"तोड की! मग ती बसंल कुठं? तुझ्या डोक्यावर?"

ती म्हणजे राजाबाई, कौसाबाईच्या नवऱ्याची पहिली बायको. करंजाखाली विसाव्याला टेकली ती उठलीच नाही. रीतीप्रमाणं तिच्या नावाचा चांदीचा टाक नव्या नवरीच्या गळ्यात बांधलेला. लोकांची सवत शेजारी असते, हिची छातीवर. त्या दिवशी भाकरी करपली.

बदलापूर गावात कौसाबाईचं अर्धं आयुष्य त्या झाडाला वळसा घालण्यात गेलं. भर दुपारी वारा नसताना शेंगा टपटप पडायच्या. पुढं सासू गेली, नवरा गेला, राजाबाई तिथंच. मग कौसाबाई तिच्याशीच बोलायला लागली. माणसाला कुणीतरी लागतंच, सवत तर सवत.

दोन हजार सहाच्या सुमाराला अंबरनाथच्या एका कारखान्यानं डिझेलऐवजी करंजाचं तेल जाळायला घेतलं. धूर कमी केल्याचा दाखला त्यांना परदेशातून हवा होता. म्हणून बियांची गोणी कुठल्या झाडाची, झाड कुणाचं, सगळं लिहून घ्यायला कारखान्याचा माणूस श्रीपाद आला. सारखं 'कार्बन, कार्बन' करायचा. कौसाबाईला वाटलं, तलाठ्याच्या पावतीखालचा निळा कागद.

"मावशी, हे झाड कुणाचं?"

"राजाबाईचं." सगळं गाव तसंच म्हणायचं. त्यानं तसंच लिहिलं.

पुढच्या वर्षी तपासणीचे साहेब यायचे ठरले आणि राजाबाई कधीच वारलेली हे श्रीपादला तेव्हा कळलं. "राजाबाई समोर दिसली पाहिजे, मावशी. नाहीतर झाड यादीतून बाद."

हरिचंद्र टपलेलाच होता. "बाद झालं की करवत लावतो. पलीकडचा कारखाना लाकूड घेतोय. तोही म्हणं धूर वाचवायलाच!"

कौसाबाई भर दुपारी करंजाखाली गेली. "बाई, तुझं नाव लावते. रागावू नको." एक शेंग पडली. हो म्हणाली का नको म्हणाली, कोण सांगणार?

साहेबांनी विचारलं, "राजाबाई कोण?"

"मीच."

हरिचंद्रचा आ वासला. "अगं वहिनी..."

"गप बसा भावजी. आई काय म्हणाल्या होत्या, डोक्यावर कोण बसंल?"

भावजींनी पटकन टोपी सारखी केली.

झाड वाचलं. पण कौसाबाई म्हणून हाक मारली तर तिला ओ द्यायला उशीर होऊ लागला. भाकरी थापताना हात भलत्याच वळणानं फिरे. एकदा शेजारची म्हातारी जनाबाई बघत राहिली अन् हळूच म्हणाली, "अगदी तिच्यासारखी थापतेस गं." त्यावर कौसाबाईनं नुसती भाकरी उलटली.

तिच्या शेवटच्या वैशाखातही ती वाळवलेलं बी घेऊन अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या बी-खरेदी केंद्रावर गेली. "राजाबाई!" पुकारा झाला. "आले," म्हणत उठली. अंगठा टेकवला, बशीतून चहा प्यायली, पोरगा दुधात पाणी घालतो म्हणून चहावाल्याला टोकलं. रिकामी गोणी झटकली, घडी करून काखेत मारली आणि बदलापूरच्या टेम्पोत मागं जाऊन बसली.