अर्ध्यावर अडकलेली खूण

तळ्याला निम्मा वळसा झाला तेव्हा वन्संनी पुन्हा पिशवीत डोकावून पाहिलं. "बॅटरीची खूण अजून अर्धीच," असं म्हणत त्यांनी छोट्या वहीत वेळ टिपली: पाच वाजून दहा मिनिटं.

पिशवी भावजयीच्या हातात होती. आत टॉवेलात गुंडाळून ठेवला होता रोइंग मशीनचा मॉनिटर. व्यायामशाळेत बसल्या जागी वल्ही मारायचं जे यंत्र असतं, त्यावर किती मीटर झाले, किती वेळ लागला हे दाखवणारी ती पाटीएवढी डबी. चार मिनिटं कुणी हात लावला नाही की ती झोपी जाते. म्हणून सकाळपासून दोघी आळीपाळीने तिचं बटण दाबत होत्या. जेवताना दाबलं, भांडी घासताना ओल्या हाताने दाबलं, आणि संध्याकाळी घरात जीव रमेना तेव्हा तिला घेऊनच फिरायला निघाल्या. आत घातलेले चार्जिंगचे सेल मरायला किती वेळ घेतात, ते वन्संना पाहायचं होतं.

भावजय घड्याळ बघत नव्हती. ती मनातल्या मनात देवाचं नाव घेई, शंभर झाले की बटण दाबी.

"देवाला कशाला कामाला जुंपलंस गं?"

"तुमचं घड्याळ तुमच्यापाशी, माझा देव माझ्यापाशी. एकदा तरी झोपली का डबी?"

"नाही बाई. देव वक्तशीर आहे तुझा."

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. बत्तीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरात, बॅटऱ्यांच्या खोलीत कामाला होत्या. तिथे कमरेएवढे सेल रांगेने उभे असत, प्रत्येकाला नंबर असे. दर सोमवारी एकेकाचं पाणी, ॲसिड, व्होल्ट सगळं नोंदवहीत जायचं. त्यांच्या एकूण एक कपड्याला ॲसिडची बारीक भोकं पडलेली असत. लग्न झालं नाही असं कुणी म्हटलं, की "केलं नाही" अशी दुरुस्ती त्या तिथल्या तिथे करत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी व्यायामशाळेची किल्ली मागून घेतली. पहाटे दार उघडायचं, यंत्रं पुसायची, तेल घालायचं. तिथे खोकंभर मेलेले सेल पाहून त्यांना अन्न गोड लागेना. फेकायचे सेल बंद करून त्यांनी चार्जिंगचे आणले, आणि कटकट सुरू झाली. कालच चार्ज केलेले सेल घातले तरी पडद्यावरची बॅटरीची खूण अर्धीच दिसे.

वन्संनी सगळ्यांना समजावलं होतं. फेकायचा सेल दीड व्होल्टने सुरू होतो आणि हळूहळू उतरत जातो. चार्जिंगचा सेल मुळात सव्वाच्या आसपास असतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच राहतो. डबीला सवय पहिल्याची, त्यामुळे दुसरा धडधाकट असला तरी तिला तो निम्मा मेलेला वाटतो. "खुणेकडे बघूच नका," त्या म्हणायच्या.

मग गेल्या मंगळवारी एक बस ड्रायव्हर वल्ही मारायला बसला. त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. दोन हजार मीटर किती वेळात होतात ते डॉक्टरांनी मागितलं होतं, त्यावर त्याचं पुन्हा गाडीवर बसणं ठरणार होतं. सतराशे मीटरवर पडदा काळा झाला. तो छातीला हात लावून बसला. "मला वाटलं, माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली," असं तो नंतर पाणी पिताना म्हणाला. व्यायामशाळेच्या चिटणिसांनी लगेच सोमवारी सकाळी आठला बैठक लावली: फेकायचे सेल परत आणायचे आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यायची.

"किल्ली गेली तर पहाटे उठून मी करू काय?" असं वन्सं त्या रात्री भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या होत्या. आणि उद्याच सोमवार होता.

भावजय सकाळी केवळ त्यांचं मन राखायला यात पडली होती. आता मात्र तिलाच राहवत नव्हतं. देवाकडे काय मागावं तेही कळेना. सेल टिकू दे म्हणावं, की लवकर जाऊ दे?

पिंपळाखालच्या बाकाजवळ तिने शंभर पुरे केले, बटण दाबलं आणि ओरडलीच. "वन्सं, खूण तळाला गेली!"

"बस, बस इथे. पाच बेचाळीस."

दोघी बाकावर डबी मांडीवर घेऊन बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, बायकांनी पिशवीत मांजराचं पिल्लू आणलंय. पडदा फिकट झाला, अंक पुसट झाले, आणि सगळं काळं.

"त्रेपन्न!" वन्संचे डोळे लहान मुलीसारखे चमकले. "दिवसभर अर्ध्यावर, आणि मग अकरा मिनिटांत खेळ खलास. बघितलंस?"

मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"त्याचे सतराशे मीटर म्हणजे दहा-अकरा मिनिटंच झाली गं. बसताना तो मला म्हणाला होता, मावशी, खूण पार तळाला दिसतेय. आणि मी म्हटलं, तिकडे बघू नका."

भावजय डबी पुन्हा टॉवेलात गुंडाळू लागली.

"खोटी म्हणून मी तिला बाजूला सारली, आणि त्या दिवशी ती खरं सांगत होती. एक्स्चेंजमध्ये कधी एका काट्यावर विसंबले नाही मी, सोबत वही असायची. इथे सेल कधी चार्ज केले त्याची तारीखसुद्धा लिहिली नाही."

"उद्या सांगा ना, सेलच तसे असतात म्हणून. कोण एवढं खोलात जातंय?"

"मग फेकायचे परत येतील. सेलांनी काय पाप केलंय?" वन्संनी वहीचं एक कोरं पान फाडलं. "तुझं अक्षर चांगलं आहे, शाळेचे फलक तूच लिहायचीस. यंत्राच्या वर लावायला एक कागद लिहून दे मला. खूण अर्धी दिसली तर खुशाल बसा. तळाला गेली तर बसू नका, किल्लीवाल्याला सांगा. सेल दर शनिवारी चार्ज होतील, तारीख खाली लिहिली जाईल. आणि शेवटी, मंगळवारी चूक माझी होती."

"चूक झाली, एवढंच लिहू का? कुणाची ते कशाला? अहो, किल्ली जाईल."

"गेली तर गेली. 'माझी' लिही. आणि त्या ड्रायव्हरला दारातून वाचता येईल एवढं मोठं काढ."