न मोजलेला धूर

मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. यंदा वर्गाकडून युरोपातल्या देशांचे आलेख काढून घेतले, कुणाचा कार्बन डायऑक्साइड वर्षागणिक किती घटला ते. पोलंडची रेषा रेंगाळत उतरत होती, ब्रिटनची मात्र झरझर खाली. पोरं खूश, मीही खूश. घुग्घुसच्या कोळसा खाणींची धूळ खाऊन वाढलेल्या माणसाला अशा रेषेचं अप्रूप वाटणारच.

मग कारणं शोधायला बसलो. कोळसा बंद झाला, पवनचक्क्या आल्या, इथवर ठीक. पुढे वाचलं की ब्रिटनमधल्या एका मोठ्या वीजकेंद्रात जहाजांनी आणलेलं लाकूड जाळतात, आणि धुराड्यातून निघणारा तो वायू शून्य धरतात. झाड जिथं तोडलं, त्या देशानं तो मोजायचा म्हणे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शून्यच होतं.

डोकंच सटकलं, कारण मला मोठी आई आठवली. ही माझी थोरली काकू, गोंडपिपरीकडच्या गावात एकटी राहते. दोन वर्षांपूर्वी गॅस येऊनही ती चूल सोडेना, तेव्हा मी अक्कल पाजळली होती. तुझ्या चुलीच्या धुरानं जग तापते, असं तिला सांगितलं होतं. तिनं त्याच दिवशी स्वतःच्या हातानं चूल फोडली. हा किस्सा मी वर्गात मोठ्या फुशारकीनं सांगत असे.

रविवारी गावी गेलो आणि तिला हे सगळं तावातावानं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजे लाकडाचा धूर मोजतच नाई?"

"त्याइच्या इथी नाई, मोठी आई."

"मंग बाजूची बाई गेल्या उन्हाळ्यात ऊन लागून गेली, ते माह्या इतक्या वर्साच्या चुलीनं नाई ना?"

शेजारची ती बाई तिची जन्माची मैत्रीण. दोघी मिळून मोहफुलं वेचायला जायच्या. मी विचारलं, "असं कोन म्हनलं तुले?"

"तूच त म्हनला होता."

ती सुपाकडे बघतच बोलली, "तिच्या तेरवीले मी एक घासबी नाई खाल्ला. कोन्या तोंडानं खाऊ?"