पडद्यावरच्या राजाला मुजरा

"ह्यो माझा बा न्हाय," असं मी त्या बाईला सांगितलं आणि एक खुर्ची सोडून पलीकडं जाऊन बसले.

मी नऊ वर्षांची होते. बानं जन्मभर राजवाड्याच्या पागेत घोडे सांभाळले होते. संस्थान गेलं आणि त्याचं कामही गेलं. त्या दिवशी कोल्हापूरच्या थेटरात गोऱ्या लोकांचा जुना, गाण्यांचा सिनेमा लागला होता. राज्य नकाशात कुठं नसलेलं आणि मंत्री उठता-बसता गाणारे. बँड वाजला, पिसांची टोपी घातलेला राजा आला, आणि बा ताडकन उभा राहिला. तीनदा वाकून त्यानं पडद्याला मुजरा केला.

"ओ पावणं, बसा की खाली! त्यो राजा काय तुमास्नी कामावर घेतोय व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळं थेटर हसलं. शेजारच्या बाईनं मला विचारलं, "तुझा बा काय गं ह्यो?"

माझं उत्तर बानं ऐकलं. तो खाली बसला आणि पटका काढून त्यानं मांडीवर ठेवला. घरी जाताना तो माझ्या दहा पावलं मागून चालला, मला कुणी त्याची पोर म्हणू नये म्हणून. मी एकदाही थांबले नाही.

काल नातीनं तोच सिनेमा मोबाईलवर लावला. बँड ऐकूनच मी ओळखला. त्यातल्या दरबाऱ्यांना धड वाकताही येत नाही. बा नीट वाकला होता.

"आजी, हसायचा सिनेमा हाय की! हसत का न्हाईस?" नात म्हणाली.

मी तिला सांगितलं, या राजासाठी उभा राहिला तो माझा बा होता, आणि जिनं त्याला नाकारलं ती मी.