जागच्या जागी थांबलेला उजेड

तापलेल्या तारेला एक वास असतो. जळाल्याचा नव्हे, जळण्याच्या जरा अलीकडचा... गोडसर, डांबरट, उन्हात विसरलेल्या रबरी चपलेसारखा. पाथरीला युसूफभाईंच्या दुकानापुढच्या लिंबाखाली दोन वर्षांपूर्वी तो वास मी पहिल्यांदा ओळखीने घेतला. त्याच्या मागोमाग आलेला दादाचा आवाज अजून कानात आहे. मोटारसायकलच्या टाकीखाली कोपरापर्यंत हात घालून, डोळे मिटून, तो शांतपणे म्हणाला होता, “युसूफभाई, हितं ताप हाय.”

दादा जाऊन आता सहा आठवडे झाले. तो माझा थोरला भाऊ. पाथरी तालुक्यातल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करण्यात त्याची नोकरी सरली, आणि निवृत्तीनंतरही गावोगावचे लोक त्याला बोलावत राहिले. सगळे त्याला डॉक्टर म्हणत. तो म्हणे, “म्या डॉक्टर न्हाई बाबा, डॉक्टरच्या हातातली बाटली हाय.” त्याची एक रीत होती. गोठ्यात शिरला की मालक काय सांगतो ते तो लगेच ऐकत नसे. आधी जनावराचा कान मुठीत धरायचा, मग नाकपुडीला तळवा लावायचा, मग पोटाला. हाताचे बोलणे झाले की मग माणसाकडे वळून विचारायचा, “हं, आता सांगा.” मी परभणीला महाविद्यालयात कविता शिकवते, शब्दांवर माझे पोट आहे. शब्दांच्या आधी स्पर्शावर विश्वास ठेवणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याची मोटारसायकल जुनी होती. तिच्या दिव्याला उजेड म्हणणे धाडसाचे होते. उजेडाची ती केवळ आठवण होती. इंजिन मंदावले की दिवा पिवळा पडायचा, इंजिन थांबले की विझायचा. गाभण म्हैस अडली की गोठ्यात कुणीतरी मोबाइल उंच धरून उभे राहायचे आणि त्या हलत्या प्रकाशात दादाचे हात काम करायचे. म्हणून त्याच्या साठाव्या वाढदिवसाला मी परभणीच्या बाजारातून एक पांढराशुभ्र एलईडी हेडलाईट घेऊन तिथल्याच एका टपरीवर बसवून दिला. पहिल्या संध्याकाळी अंगणात तो लावला, तेव्हा समोरच्या भिंतीवरची पाल पळाली. दादा बराच वेळ त्या झोताकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मास्तरीण, ह्यो लाईट हाय का दिवस?” मास्तरीण हे त्याने मला लहानपणीच दिलेले नाव. मी खरोखर शिकवू लागले, तेव्हा ते त्याने थट्टेचे पदक म्हणून वापरात ठेवले.

पण महिन्याभरातच हॉर्नचा घसा बसला. इंडिकेटर झोप आल्यासारखे मिचकू लागले. नवी बॅटरी घातली, तीही आठवड्यात उतरली. गावातला प्रत्येक जण म्हणे, ती पांढरी लाईट बॅटरी खाते, काढून टाका. दादाने ती काढली नाही. एका सुट्टीच्या दिवशी मला मागे बसवून तो युसूफभाईंकडे आला. युसूफभाई सफेद दाढीचे, कमी बोलणारे, वायरिंगच्या कामात तालुक्यात एक नंबरचे. त्यांनी बॅटरीला मीटर लावला आणि मला रेस धरायला सांगितले. इंजिन वाढले की आकडा बारावरून चौदापर्यंत चढला पाहिजे, असे त्यांनी समजावले. मी मूठ पिळत राहिले, इंजिन ओरडत राहिले, आकडा मात्र बाराच्या जवळ बसून राहिला. इंजिनात वीज तयार होत होती, बॅटरीपर्यंत पोचत नव्हती. वाटेत कुठेतरी ती अडत होती.

युसूफभाई वीज मापात ठेवणारा रेग्युलेटर बदलायच्या विचारात होते. तेवढ्यात दादाने टाकीखाली हात घातला. एकेक वायर बोटांमधून सोडत, कान चाचपावेत तशी, तो पुढे गेला आणि एका कपलरवर थांबला. दोन वायरी जिथे एकमेकींत बसतात, ते प्लास्टिकचे घर. उघडून पाहिले, तर आतली एक पट्टी चहाच्या डागासारखी तपकिरी झाली होती. लाईट बसवणाऱ्याने हिसका देऊन ती सैल केली होती, आणि सारी वीज तिथेच उष्णता होऊन उडून जात होती. युसूफभाई हसले. “डॉक्टरसाब, मीटर विकून टाकू का मी?” जोड नवा झाला, मीटर चौदावर गेला, आणि मी मूठ सोडली.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट ठरली. इंजिन बंद झाले की लाईटही बंद व्हावी, अशी जोडणी करून देतो, म्हणजे बॅटरी कधीच उतरणार नाही, असे युसूफभाईंचे म्हणणे होते. दादा ऐकेना. गोठ्यात गाडी फडफडत ठेवली तर जनावर बुजते. त्याला उजेड हवा होता तो इंजिन थांबल्यावरच. शेवटी युसूफभाईंनी कुरकुरत लाईट सरळ बॅटरीवर घेतली, मध्ये फ्यूज टाकला आणि हँडलला एक वेगळे बटण बसवले. चावी काढली तरी लाईट चालू राहील, बटण बंद करायला विसरू नका, असे त्यांनी दोनदा बजावले. दादा ते कधी विसरला नाही. उतरल्यावर अंगठ्याने बटण दाबायचे आणि मगच चपला काढायच्या, हा त्याचा नेम झाला.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी कुठल्याशा गावाहून परतताना, कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर त्याच्या छातीत कळ आली. ज्वारीला पाणी देणारा ज्ञानोबा नावाचा शेतकरी त्याच्यापर्यंत पोचला. शेजारच्या शेतातल्या आखाड्यावरची पिकअप मागवून त्याने दादाला आधी पाथरीला आणि तिथून परभणीला आणले. मी दवाखान्यात पोचले, तेव्हा तो शुद्धीवर होता. तीन दिवस तो आमच्यात होता. वहिनींचा हात त्याच्या हातात होता, मी उशाशी होते. बोलायला मनाई होती. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाले, दादा, अंधारात एकटाच पडला होतास रे... त्याने ऑक्सिजनचा मास्क जरासा बाजूला केला, एकच शब्द उच्चारला आणि डोळे मिटले. मला तो गुंगीतला वाटला. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

मोटारसायकल लोकांनी दुसऱ्या दिवशीच पिकअपमध्ये घालून घरी आणली होती. पुढे भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी चावी फिरवून पाहिली. हॉर्न वाजेना, काहीच लागेना. झाले, एक गोष्ट तयार झाली. गाडी बंद पडली, डॉक्टर किका मारत बसले, त्या दगदगीनं काळीज थांबलं. ओसरीवर चहा पिता पिता एका पाहुण्याने त्याला शेवटचे वाक्य जोडले, “त्या पांढऱ्या लाईटीनं बॅटरी खाल्ली, दुसरं काय.” त्याला ठाऊक नव्हते की ती लाईट कुणी दिली. वहिनींना ठाऊक होते. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचे न बोलणे मी महिनाभर माझ्या अंगावर ओढून घेतले. वर्गात कविता वाचताना मला किकचा आवाज ऐकू यायचा. एक, दोन, तीन... साठी ओलांडलेल्या पायाचा, न पेटणाऱ्या इंजिनावर पडणारा.

गेल्या आठवड्यात मात्र मला राहवेना. मी पाथरीला गेले आणि युसूफभाईंना घेऊन घरी आले. वहिनी दारात उभ्या राहिल्या. युसूफभाईंना मी सगळे सांगितले, तो पाहुण्याचा शेरासुद्धा. त्यांनी आधी गाडीच्या टाकीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच. मग पाना घेऊन बॅटरीची वायर पूर्ण सोडवली, चावी लावली आणि मला जवळ बोलावले.

“ताई, बघा. बॅटरी न्हाईच समजा आता.”

त्यांनी एक किक मारली. एकच. पाच आठवडे उभी असलेली ती गाडी खोकली आणि दादाच्या ओळखीच्या आवाजात सुरू झाली. या जुन्या इंजिनाची ठिणगी मॅग्नेटमधून येते, बॅटरीवर अवलंबून नसते, असे ते म्हणाले. बॅटरी उतरली म्हणून ही गाडी कधी अडणार नाही. मग त्यांनी विचारले, त्या दिवशी चावी कुठे होती.

“ह्यांच्या खिशात व्हती,” दारातून वहिनी म्हणाल्या. “चष्मा, थर्मामीटर अन् चावी. दवाखान्यातल्या लोकांनी पिशवीत घालून माझ्याच हातात दिली की.”

ती पिशवी मीही पाहिली होती. युसूफभाईंनी हँडलवरचे वेगळे बटण दाखवले. ते अजून चालूवर होते. इतक्या दिवसांत तिकडे कुणाचे लक्षच गेले नव्हते. चावी खिशात, म्हणजे इंजिन त्याने स्वतः बंद केले होते, गाडी स्टँडवर लावली होती. किका मारल्याच नव्हत्या. आणि नेमाने बंद करायचे बटण त्याने त्या एका दिवशी बंद केले नव्हते.

“मग बॅटरी उतरली ती...” मी त्या बटणाकडे पाहत म्हणाले.

“नंतर. लाईट जळून जळून,” युसूफभाई म्हणाले. “मी तर बंद होणारी देत होतो ताई. त्यांनीच ऐकलं न्हाई.”

वहिनी पायरीवर बसल्या. डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, “मला वाटलं, तुमी माझ्याशी बोलंना झालाव.” मी त्यांच्याशेजारी बसले. आम्ही दोघी एकमेकींच्या गप्प राहण्याला भीत होतो...

परतताना मी कालव्यावर उतरले. ज्ञानोबांनी मला ती जागा दाखवली. मोटारसायकलीचा उजेड रोजच जातो, ते म्हणाले, पण तो जातो. त्या दिवशी एक पांढरा उजेड ज्वारीवर येऊन थांबला आणि हललाच नाही. खोरे टाकून ते त्याच्याकडे धावले, तेव्हा दादा गाडीपुढे, त्या झोताच्या मधोमध, शांत बसलेला होता. जुना दिवा असता तर इंजिनाबरोबर विझला असता. छातीत कळ घेऊन आलेल्या माणसाने, आयुष्यभर जनावरांना तपासताना केले तसे, उजेड कुठे पडतो हे पाहून आपली जागा निवडली होती.

युसूफभाईंनी बॅटरी चार्ज करून पुन्हा जोडली, आणि गाडी आता गोठ्याच्या तोंडाशी उभी असते. दिवस मावळला की वहिनी हँडलवरचे बटण दाबतात, त्या पांढऱ्या उजेडात म्हशीची धार काढतात आणि चरवी उचलण्याआधी अंगठ्याने लाईट बंद करतात. काल मी ते दाराशी उभी राहून पाहिले. दूध फेसाळत होते, लाईटच्या काचेवर किडे टकटकत होते, आणि कितीतरी दिवसांनी माझा श्वास छातीत पूर्ण खाली उतरत होता. दवाखान्यातली ती दुपार आठवली. अंधारात एकटाच पडला होतास रे, असे मी म्हणाले होते, आणि मास्क बाजूला करून, माझी चूक दुरुस्त करावी तसा, दादा मला म्हणाला होता...

“दिसलो.”